नाशिकहून ताडोबा: सफारीचे पैसे वर्षभरात कसे उभे करावेत

वाघाच्या मागावर जंगलात जाण्याची हौस जुनी आहे, तिचे साधन मात्र बदलले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीच्या परवान्याची वाटच बंद केली, त्यामुळे आज जंगलात जायचे ते दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन, वनविभागाच्या नियमांत राहून. नाशिककरांना त्यासाठी राज्यातच उत्तम जागा आहे, ती म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. ही सहल महाग आहे ही तक्रार खोटी नाही. परंतु ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते याचे कारण एकूण रकमेपेक्षा दोन गोष्टींत अधिक असते. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, किती माणसे बसणार हे आधी ठरलेले नसते आणि कोणता पैसा कोणत्या महिन्यात लागणार याची कोणी नोंद केलेली नसते. या दोन गोष्टी जमल्या, तर दरमहा मध्यम रक्कम बाजूला टाकूनही सहल होऊ शकते.

आधी माणसे, मग रक्कम

सफारीचा खर्च माणशी नसून मुख्यतः गाडीमागे असतो. प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाईडचे मानधन हे सर्व एका गाडीसाठी भरावे लागते आणि त्या गाडीत चालक व गाईड सोडून सहा पर्यटक बसू शकतात. तिघांनी गेल्यास गाडीचा दर तोच राहतो, प्रत्येकाचा वाटा मात्र दुप्पट होतो. म्हणून बचतीचे पहिले पाऊल बँकेत पडत नाही; ते मित्रमंडळी आणि नातेवाइकांमध्ये सहा पक्की नावे मिळवण्याचे असते.

पुढील आकडे केवळ हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत; प्रत्यक्ष दर गेट, वार आणि हंगामानुसार बदलतात आणि ते वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच पाहावेत. समजा, गाभा क्षेत्रातील, म्हणजे जंगलाच्या आतल्या कडक संरक्षित भागातील एका सफारीला गाडीमागे ९,००० रुपये आणि बफर, म्हणजे त्याभोवतालच्या क्षेत्रातील सफारीला ६,००० रुपये लागतात. गाभ्यातल्या दोन आणि बफरमधल्या दोन अशा चार सफारींचे ३०,००० रुपये होतात, म्हणजे सहा जणांत प्रत्येकी ५,०००. नाशिकरोड ते नागपूर स्लीपरने जाऊन येण्याचे १,०००, नागपूरहून गेटपर्यंत नेऊन परत आणणाऱ्या गाडीचे ८,००० धरल्यास त्यातला वाटा सुमारे १,३५०, दोन रात्रींचा जेवणासह मुक्काम ४,००० आणि वाटेतले खाणेपिणे, बक्षिसी व किरकोळ खर्च १,५०० रुपये. ही बेरीज १२,८५० होते. तिच्यावर दहा टक्के राखीव धरले, की प्रत्येकाला साधारण १४,००० रुपये उभे करावे लागतात, म्हणजे दहा महिने दरमहा १,४००. हीच सहल तिघांनी केली, तर राखीव रकमेसह आकडा २१,००० च्या पुढे जातो. माणशी सात हजारांचा हा फरक चहा-नाश्ता सोडून कधीच भरून निघणार नाही.

वार निवडतानाही पैसे वाचतात. शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशी सफारीचे दर चढे असतात, तर मंगळवारी ताडोबा बंद असतो. त्यामुळे सोमवारी पोहोचणाऱ्यांचा एक अख्खा दिवस मुक्कामाचे भाडे भरून वाया जातो. सर्वांत सोयीचा क्रम असा आहे: मंगळवारी रात्री नाशिकरोडहून विदर्भ एक्स्प्रेससारखी गाडी धरावी, बुधवारी सकाळी नागपूर गाठून दुपारची पहिली सफारी करावी, गुरुवारी सकाळ-दुपार दोन सफारी कराव्यात, शुक्रवारी सकाळची चौथी आटोपून रात्रीच्या गाडीने परतावे. रजेचे तीनच दिवस लागतात, मुक्काम दोनच रात्रींचा होतो आणि अंबड-सातपूरच्या ज्या कारखान्यांना शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते, तिथल्या कामगारांना घरी विश्रांतीचा एक दिवसही मिळतो.

स्वतःची गाडी नेण्याचा मोह समृद्धी महामार्गामुळे वाढला आहे आणि तो वेळेच्या दृष्टीने गैर नाही. पैशाच्या दृष्टीने मात्र हिशोब करून पाहावा. सात आसनी गाडी लिटरला १४ किलोमीटर धावते असे धरले, तर जाण्यायेण्याच्या सुमारे दीड हजार किलोमीटरना १०७ लिटर डिझेल लागते. त्यात टोल मिळवला, की रक्कम रेल्वे आणि भाड्याची गाडी यांच्या बेरजेजवळ येऊन ठेपते. शिवाय चालवणारा मित्र दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सफारीत पेंगत बसतो, हे वेगळेच. माझे मत रेल्वेच्या बाजूचे आहे. ज्यांना खर्च आणखी कमी करायचा आहे, त्यांनी नागपूरहून चिमूर किंवा चंद्रपूरपर्यंत एसटीने जावे. २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे पडते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे घरच्या मंडळींसोबत जाणाऱ्यांची बचत लक्षात येण्याजोगी होते. मात्र तिथून गेटपर्यंतचे वाहन आणि परतीची वेळ आधी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवावी.

पैसा किती, यापेक्षा केव्हा

मार्चच्या मध्यावर सहल आहे आणि बचत जूनपासून सुरू केली असे समजू. पैसा मार्चमध्ये लागतो अशी बहुतेकांची कल्पना असते, पण सफारीचे आरक्षण काही महिने आधी करावे लागते आणि त्याचे पैसे त्याच वेळी भरावे लागतात. म्हणजे दिवाळीच्या सुमारास प्रत्येकाचे पाच हजार तयार हवेत. जूनपासून ऑक्टोबरअखेर पाच हप्त्यांत ७,००० रुपये जमतात, तेव्हा ही पहिली पायरी सहज पार पडते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते, म्हणून तिकीट आणि मुक्कामाचा आगाऊ हप्ता यांचे सुमारे तीन हजार जानेवारीच्या मध्यापर्यंत हाताशी असावेत. उरलेली रक्कम मार्चमध्ये लागते. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखून पहिल्यात महिना, दुसऱ्यात जमा आणि तिसऱ्यात त्या महिन्यात बाहेर जाणारी रक्कम लिहिली, तर कोणत्या महिन्यात ओढाताण होणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच दिसते.

पैसे कुठे ठेवावेत हा प्रश्न याच वेळापत्रकावरून सुटतो. पोस्टाचे आवर्ती खाते (दरमहा हप्ता भरण्याचे, म्हणजे आरडी) विश्वासाचे आहे, परंतु त्याची मुदत पाच वर्षांची असून ते तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. या कामासाठी ते उपयोगाचे नाही. बँकेचे बारा महिन्यांचे आवर्ती खाते चालेल, पण दिवाळीत लागणारे पाच हजार त्यात अडकवू नयेत. वेगळे बचत खाते उघडून पगाराच्या दुसऱ्या दिवशी १,४०० रुपये तिकडे आपोआप वळतील अशी सूचना बँकेला देणे आणि त्या खात्याला यूपीआय न जोडणे, ही सर्वांत साधी व्यवस्था आहे. व्याज बुडते अशी हळहळ करण्याचे कारण नाही: दरमहा १,४०० रुपये दहा महिने साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तरी एकूण व्याज चारशे रुपयांच्या घरात जाते.

याच कारणाने दोन टक्के जादा व्याजासाठी ही रक्कम पतसंस्थेत ठेवू नये. बँकांतील, त्यात सहकारी बँकाही आल्या, ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. जादा व्याजाचे सव्वाशे-दीडशे रुपये पदरात पाडून घेण्यासाठी संपूर्ण सहल पणाला लावण्यात शहाणपण नाही. भिशीचे म्हणाल, तर ती ओळखीची आणि जुनी असेल तरच धरावी आणि आपला नंबर ऑक्टोबरच्या आसपास लागेल असे आधीच बोलून घ्यावे. मार्चनंतर लागणारी भिशी या सहलीच्या कामाची नाही.

ज्यांचे उत्पन्न महिन्याचे नाही, त्यांनी हप्त्याच्या मागे लागू नये. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराच्या हाती पैसा येतो तो फेब्रुवारी ते एप्रिल या काढणीच्या दिवसांत, आणि लगेच एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची वेलींची छाटणी, समोर उभी राहते. त्याच्यासाठी मार्चची सहल अशक्यच आहे. छाटणीनंतरची कामे मार्गी लागल्यावर मेअखेर किंवा जूनचा पूर्वार्ध हाच त्याचा काळ. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते, म्हणून जून ओलांडू नये. उन्हाळ कांदा चाळीत ठेवणाऱ्याने पहिल्या विक्रीतून सहलीची रक्कम एकदम वेगळी काढून पुढच्या उन्हाळ्यासाठी बँकेत मुदत ठेवीत टाकावी, कारण चाळीतल्या कांद्याला पुढे काय भाव मिळेल यावर सहल टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

हप्ता कुठून काढायचा

घरखर्चात काटकसर कशी करावी यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक जण मिसळ सोडा म्हणतात, जे नाशिकमध्ये फारसे कोणी मनावर घेणार नाही. तरीही रविवारच्या मिसळीचा हिशोब करून पाहण्यासारखा असतो. गंगापूर रस्त्याच्या बाजूला मळ्यातल्या एखाद्या ठिकाणी चौघांचे कुटुंब गेले, की मिसळ, जादा पाव, ताक, जिलेबी आणि पेट्रोल मिळून सहाशे-सातशे रुपये सहज होतात. महिन्यातून चार वेळा जाणाऱ्याने दोनदा जावे आणि राहिलेल्या दोन रविवारी वाचलेले पैसे त्याच दिवशी, त्याच वेळी सहलीच्या खात्यात टाकावेत. सोमवारपर्यंत थांबले, तर ते पैसे भाजीवाल्याकडे किंवा रिचार्जला जातात. एवढ्यात जवळपास एकाचा हप्ता निघतो. घरातले दोघे जाणार असतील, तर दुसऱ्या हप्त्यासाठी दिवाळीचा बोनस वापरावा. तो हाती आल्याच्या आठवड्यातच त्यातला ठरलेला भाग बाजूला काढावा, कारण पाडव्याच्या खरेदीनंतर तो शिल्लक राहत नाही.

ज्यावर हात आखडता घ्यावा असा खरा खर्च साहित्याचा आहे. पहिल्याच सहलीसाठी लांब पल्ल्याची लेन्स विकत घेणे म्हणजे सहलीच्या दुपटी-तिपटीचा खर्च करणे होय. ८ बाय ४२ मापाची बरी दुर्बीण सहा जणांत दोन असल्या तरी भागते आणि छायाचित्रांची फारच ओढ असेल, तर कॅमेरा व लेन्स दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळतात. ताडोबात सफारीदरम्यान मोबाईल वापरण्यास मनाई असल्याने त्यावर फोटो काढू हा भरवसाही ठेवू नये. कपड्यांसाठी वेगळी खरेदी नको. मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे घरात असतील ते चालतात, फक्त हिवाळ्यात उघड्या जिप्सीत पहाटे कडाक्याची थंडी वाजते, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि मोजे विसरू नयेत.

गटाचा व्यवहार

सहा जणांचा पैसा एकत्र येणार म्हटल्यावर नियम आधी लिहून घ्यावेत, मग नाते कितीही जवळचे असो. सफारीच्या आरक्षणात प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी गळालेल्याच्या जागी दुसऱ्याला बसवता येईल किंवा भरलेली रक्कम पूर्ण परत मिळेल असे धरून चालू नये. यावरून एकच न्याय्य नियम निघतो: आरक्षणानंतर माघार घेणाऱ्याने सफारीचा वाटा परत मागायचा नाही, मुक्काम व जेवणाचा जो भाग वाचेल, तो मात्र त्याला द्यायचा. हे गटातल्या सर्वांनी संदेशावर लेखी मान्य केल्याशिवाय कोणीही स्वतःच्या कार्डावरून सगळ्यांचे पैसे भरू नयेत. एकाने जमाखर्च पाहावा, दुसऱ्याने आरक्षण करावे. दोन्ही कामे एकाच्या गळ्यात घातली, की कुरबुर सुरू होते. आरक्षण करताना अधिकृत संकेतस्थळासारखीच दिसणारी दलालांची पाने शोधात वर येतात, तेव्हा पत्ता सरकारी आहे याची खात्री केल्याशिवाय पैसे भरू नयेत.

गट खरोखर जमतो का, हे पाहण्यासाठी हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरची एक फेरी करावी असे मी आवर्जून सुचवेन. निफाड तालुक्यातील हे पक्षी अभयारण्य गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या पाणथळीवर आहे आणि ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. थंडीत तिथे स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात. पहाटे निघून दुपारपर्यंत परत येता येते आणि सहा जणांत खर्च अगदी थोडा येतो. पाहायचे असते ते पुढचे: पहाटे पाचला कोण वेळेवर खाली उतरतो, मनोऱ्यावर कोण मोठ्याने बोलत राहतो, आणि प्रत्येकी दोनशे रुपयांचा हिशोब सांगितल्यावर कोण त्याच संध्याकाळी पाठवतो व कोणाला तीनदा आठवण करावी लागते. दोनशेसाठी आठवण करावी लागणाऱ्याकडून पाच हजार वेळेवर येण्याची शक्यता कमी असते, आणि सफारीच्या आरक्षणाची वेळ कोणासाठी थांबत नाही. ही फेरी म्हणूनच आरक्षणाच्या आधी व्हावी. मार्चच्या सहलीसाठी नोव्हेंबर त्यातल्या त्यात उशिराचा समजावा.

निघण्यापूर्वी राखीव रकमेपैकी निम्मी रोख काढून ठेवावी, कारण जंगलाभोवतीच्या गावांत नेटवर्क कुठे मिळते, कुठे नाही, आणि चालक व गाईडला द्यायची बक्षिसी रोख दिलेली बरी. ती किती द्यायची हे सहाही जणांनी रेल्वेतच ठरवावे, वाघ दिसला किंवा नाही यावर ठेवू नये. परतल्यावर आठवड्याच्या आत जमाखर्च गटात टाकावा आणि उरलेली रक्कम समान वाटावी, किंवा पुढच्या वर्षीही हेच सहा जण जाणार असतील, तर ती पहिला हप्ता म्हणून तशीच राहू द्यावी.