गावाकडचा जुना वाडा आणि मागची कॉटेज विकायला काढताय? मग आधी हे करून ठेवा

मागच्या वर्षी आत्याचा वाई तालुक्यातला वाडा विकला. पुढं वाडा आणि मागं परड्यापलीकडं आतेभावानं बांधलेली दोन खोल्यांची कॉटेज, पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे लोक रात्रभर राहायला यायचे, दिवाळीत आणि मे महिन्यात तर जागा नसायची. सगळ्याला चौदा महिने लागले, त्यातले नऊ महिने नुसते कागदात गेले, म्हणून जे शिकलो ते सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हे बघा की वाडा कुठल्या जागेवर आहे आणि कॉटेज कुठल्या जागेवर आहे. बघायला एकच आवार दिसतं पण बऱ्याच वेळा वाडा गावठाणात असतो आणि कॉटेज शेतात. आमचं तसंच निघालं. वाड्याला ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा लागतो, आता स्वामित्व योजनेत बऱ्याच गावांची ड्रोन मोजणी झालीय तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पण मिळते. कॉटेज मात्र गट नंबरमध्ये, सातबाऱ्यावर. आणि सातबाऱ्यावरची शेतजमीन 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 मुळं शेतकरी नसलेल्या माणसाला अशीच विकता येत नाही. म्हणजे पुण्याची पार्टी फोटो बघून खूश होऊन येते, विसार द्यायला तयार होते, आणि वकिलाकडं गेल्यावर कळतं की वाडा घेता येईल पण कॉटेज नाही. आमच्या दोन पार्ट्या अशाच गेल्या. तेव्हा पहिल्या फोनलाच विचारायचं, तुमच्या नावावर शेती आहे का, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरा मार्ग म्हणजे कॉटेजपुरती जागा बिनशेती करून घ्यायची. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल तर महसूल कायद्याच्या कलम 42 ड मध्ये रहिवासी वापराची सोय आहे, तहसील कार्यालयात चौकशी करा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे का 2 ते पण तेव्हाच बघून घ्या, वर्ग 2 म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, ती असेल तर विकायच्या आधी परवानगी लागते. आणि महाबळेश्वर-पाचगणी भागात असाल तर 17 जानेवारी 2001 पासून तो इको सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे पर्यावरणासाठी बांधकामावर निर्बंध असलेला भाग, तिथं घेणाऱ्याचा वकील पहिलं कॉटेजच्या बांधकामाची परवानगीच मागणार. नसेल तर लपवू नका, ते कधी ना कधी निघतंच आणि मग माणूस वाड्याबद्दल पण शंका घ्यायला लागतो.

आता वारसांचं. आमच्या उताऱ्यावर अजून आत्याच्या सासऱ्यांचं नाव होतं, वारस नोंद कुणी केलीच नव्हती. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे, त्यामुळं आत्याच्या नणंदांच्या सह्या लागणारच होत्या. मुंबईच्या नणंदेला गावातल्या कुणीतरी परस्पर सांगितलं की वाडा विकला, आणि त्या बिचाऱ्या चार महिने बोलेनात. आत्या स्वतः एसटीनं जाऊन, एक रात्र राहून, सगळं समजावून आली तेव्हा कुठं जमलं. म्हणून बोर्ड लावायच्या आधी सगळ्या बहिणींना, पुतण्यांना स्वतःच्या तोंडानं सांगा. हक्कसोडपत्र करणार असाल तर नोंदणीकृत करा, साध्या स्टॅम्प पेपरवरचं चालत नाही.

भूमी अभिलेखकडून मोजणी आणून हद्दीच्या खुणा करून ठेवा. रस्ता पण तपासा, कारण कॉटेजला येणाऱ्या गाड्या जर भाऊबंदांच्या रानातून येत असतील तर आज तुमच्या तोंडाकडं बघून कुणी बोलत नाही, उद्या परका माणूस आला की बांध घातला जातो. विहीर सामायिक असेल तर पाण्याची पाळी लेखी घ्या.

आता वाड्याच्या डागडुजीबद्दल, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. विकायच्या आधी चकाचक दिसावं म्हणून पांढऱ्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वरून प्लॅस्टिक पेंट अजिबात मारू नका. ह्या भिंती ओल शोषतात आणि परत सोडतात, चुन्याचा गिलावा त्याला वाट देतो, सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आतच राहते, एक-दोन पावसाळ्यात गिलावा फुगून पडतो आणि भिंतीत शिरलेल्या तुळयांची टोकं कुजायला लागतात. आमच्या माजघराची एक भिंत अशीच खराब झाली होती, ती खरवडून परत चुन्यात करावी लागली. त्यापेक्षा मृगाच्या आधी शाकारणी करून घ्या, म्हणजे छपराची कौलं नीट बसवून घ्या, फुटकी मंगलोरी कौलं बदला, वाळवीवाल्याकडून तुळया आणि चौकटी बघून घ्या. एवढं पुरतं. जुनं घर घेणाऱ्याला सागाचे खांब, कोनाडे, दगडी जोतं जसं आहे तसंच पाहिजे असतं.

सांगलीकडं कृष्णाकाठी असाल तर 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारणारच, भिंतीवरची खूण सरळ दाखवा आणि पूररेषेचा नकाशा जवळ ठेवा.

कॉटेजची किंमत वेगळी काढा. त्यासाठी तीन वर्षांचा हिशोब पाहिजे, महिन्याला किती रात्री गेल्या, भाडं किती, लाईटबिल, धुणं, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, बुकिंग ॲपचं कमिशन. आतेभावाकडं सगळं व्हॉट्सअपमध्ये होतं, ते आम्ही बसून वहीत उतरवलं आणि त्या वहीनं घेणाऱ्याला जेवढं पटलं तेवढं कशानं पटलं नाही. पर्यटन खात्याची निवास-न्याहारी नोंदणी असेल तर घेणाऱ्याला त्याच्या नावानं नवीन नोंदणीची चौकशी करायला सांगा. आधीच घेतलेल्या बुकिंगचा ॲडव्हान्स कुणाचा हे साठेखतातच, म्हणजे विक्रीच्या आधीच्या करारातच, लिहा.

वाडा, शेती आणि सामान यांची रक्कम खरेदीखतात वेगवेगळी दाखवायची का ते सीएला आधी विचारा, कारण नगरपालिकेपासून ठराविक अंतराच्या बाहेरची ग्रामीण शेतजमीन आयकरात वेगळी धरतात आणि घरावर भांडवली नफा लागतो. वडिलोपार्जित वाडा असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून घेता येते, फरक चांगला पडतो.

शेवटी काय राहणार आणि काय जाणार याची यादी. जातं, पाटा-वरवंटा, पितळी कड्या, ओसरीवरचा झोपाळा सगळं नाव घालून लिहा. झोपाळा आत्याला न्यायचा होता आणि फोटो बघून घेणाऱ्यांनी धरलं होतं की तो वाड्याबरोबरच आहे, दोन दिवस अवघडल्यासारखं झालं. शेवटी झोपाळा तिथंच राहिला आणि कड्या आत्याकडं आल्या, तुळशी वृंदावन हलवायचं नाही हे मात्र घेणाऱ्यांनी आपणहून लिहून दिलं.