टेप, खडू आणि स्टॉपवॉच: आपला रस्ता चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या किती कामाचा, हे कसं मोजावं

आपल्या रस्त्यावरचा फुटपाथ बरा की वाईट, यावर सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर वाद रंगू शकतो. टेप घेऊन खाली उतरलं की तो लवकर मिटतो, वर महापालिकेत बोलायला हातात आकडे येतात. 'फार त्रास होतो हो' यावर फाइल हलत नाही. 'अमुक नंबरच्या खांबापाशी फुटपाथ ६० सेंटिमीटरच उरलाय' यावर हलायची निदान शक्यता असते.

उदाहरणं पुण्याची घेतली आहेत. या शहराने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, पुढच्या वर्षी सायकल आराखडा केला आणि जंगली महाराज रस्त्यावर बाकं, झाडं, रुंद फुटपाथ आणले. चार चौक सोडून गेलं की त्याच शहरात लोक बसच्या चाकाशेजारून चालताना दिसतात. पद्धत मात्र नाशिकला, कोल्हापूरला, नागपूरलाही तशीच चालेल.

पहिली पायरी: तुकडा ठरवा

सगळा रस्ता मोजायला जाऊ नका, अर्ध्यात कंटाळा येतो. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा, साधारण ५०० मीटरचा तुकडा घ्या. त्यात शाळा, बसथांबा किंवा भाजीबाजार असेल तर उत्तम. दोन्ही बाजू वेगळ्या धरा, कारण एका बाजूला दुकानं आणि दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत असली की ते दोन वेगळे रस्तेच असतात.

सामान फार लागत नाही: पाच मीटरची स्टीलची टेप, खडू, मोबाइल, वही. बरोबर एक माणूस हवाच. तुम्ही वाकून मोजत असताना मागून येणाऱ्या दुचाकीवर कोणाचं तरी लक्ष पाहिजे. जागेची खूण म्हणून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवरचे नंबर लिहा. 'वडापावच्या गाडीसमोर' असं लिहिलंत तर गाडी उद्या हलते, खांब हलत नाही.

दुसरी पायरी: सगळ्यात अरुंद जागा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण फुटपाथची रुंदी मोजतात ती भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत. त्या आकड्याला काही अर्थ नाही. मोजायची ती मोकळी रुंदी, म्हणजे डीपीचा (विजेच्या जोडण्यांचा) डबा, झाडाचं आळं, जाहिरातीचा खांब, दुकानाची पायरी, लावलेली स्कूटर हे सगळं वगळून माणसाला सलग किती जागा मिळते ती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या नियमावलीत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, ही मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर सांगितली आहे. १.८ मीटरमध्ये समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना टाळून जाऊ शकतात. बाजाराच्या रस्त्याला यापेक्षा जास्त रुंदी लागते. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आधी चालून पाहा, का ते कळेल.

आता खरी गंमत. समजा ४९८ मीटर फुटपाथ अडीच मीटर मोकळा आहे आणि दोन मीटरच्या पट्ट्यात डीपीच्या डब्याने तो ६० सेंटिमीटरवर आणला आहे. कागदावर सरासरी झकास येईल. पण व्हीलचेअरला सरळ जायला ९० सेंटिमीटर तरी लागतात. तिच्यासाठी हा फुटपाथ त्या डब्यापाशी संपला. बाबागाडी घेऊन निघालेली आई, काठी टेकत जाणारे आजोबा यांनाही तिथे रस्त्यावर उतरावंच लागतं. म्हणून सरासरी काढायचीच नाही. तुकड्याचा आकडा म्हणजे त्यातल्या सगळ्यात अरुंद जागेचा आकडा. तिथे टेप आडवी धरून, आकडा दिसेल असा फोटो काढा.

स्कूटर आणि हातगाडी यांची नोंद वेगळी करा. पक्का अडथळा पथ विभागाचा, बेकायदा पार्किंग वाहतूक पोलिसांचं, आणि पथारीवाल्यांचा प्रश्न तिसऱ्याच खात्याचा. सगळं एकाच तक्रारीत कोंबलं की तिन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि माझं मत विचाराल तर, सगळ्यात आधी पथारीवाल्यांना उठवायची मागणी करू नका. रात्री त्यांच्याच दिव्यांमुळे कित्येक बायका त्या फुटपाथवरून निर्धास्त जातात. मोकळी रुंदी सोडून त्यांना जागा आखून देता येते. डीपीच्या डब्याला मात्र असा काहीच उपयोग दाखवता येत नाही.

तिसरी पायरी: चढ-उतार मोजा

आयआरसीच्या हिशेबाने कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे ती सहज फूटभर सापडते. रस्त्यावर डांबराचे थर चढतात म्हणून फुटपाथही उंच करत नेला जातो. मग प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तो तुटतो: खाली उतरा, चार पावलं चाला, पुन्हा चढा. एका हातात भाजीची पिशवी असलेल्या साठीपुढच्या बाईंच्या मागून थोडं अंतर ठेवून चाला. पहिल्या फाटकाला त्या उतरतील, चढतील. दुसऱ्याला भिंतीला हात लावून उतरतील. तिसऱ्यानंतर त्या फुटपाथवर परत चढणारच नाहीत. बाहेरून पाहणारा म्हणतो, लोकांना शिस्त नाही, फुटपाथ असून रस्त्यावरून चालतात.

म्हणून ५०० मीटरमध्ये किती वेळा पाऊल खाली-वर करावं लागतं ते मोजा आणि सगळ्यात उंच पायरीची उंची लिहा. फाटकापाशी फुटपाथ सलग ठेवून गाडीला उतार द्यायचा, ही योग्य रचना. गाडीला इंजिन आहे, चढू दे तिला.

याच फेरीत दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरश्या पाहा. लांब रेघांची फरशी म्हणजे पुढे चला, गोल ठिपक्यांची म्हणजे सावध. त्यांच्या मागोमाग चालत जा आणि शेवटी त्या कुठे नेतात ते लिहून ठेवा. झाडाच्या बुंध्यात, उघड्या चेंबरपाशी, कुठेही संपू शकतात.

चौथी पायरी: रस्ता ओलांडून पाहा

सिग्नल असेल तर दोन वेळा नोंदवा: हिरवा माणूस किती सेकंद दिसतो आणि त्याआधी किती वेळ ताटकळावं लागतं. हिशेब चालण्याच्या वेगावरून करायचा. सेकंदाला १.२ मीटर हा सिग्नलसाठी नेहमी धरला जाणारा वेग. १८ मीटर रुंद रस्त्याला त्या वेगाने १५ सेकंद पुरतात. पण गुडघे धरलेल्या माणसाचा वेग ०.८ मीटरच धरा, म्हणजे त्याला साडेबावीस सेकंद लागतील. थांबण्याची वेळ अर्ध्या मिनिटापलीकडे गेली की लोक वाट न पाहता घुसायला लागतात.

सिग्नल नसेल आणि तो मागायचा असेल, तर आयआरसीची एक जुनी कसोटी कामाला येते. गर्दीच्या तासात ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्या आणि तिला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींवर गेलं, किंवा दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींवर, तर तिथे नियंत्रित क्रॉसिंग हवं. तासाला ३०० माणसं आणि १,००० वाहनं असली तर उत्तर ३० कोटी येतं. या कसोटीत एक खोट आहे. रस्ता इतका भयंकर असेल की कोणी ओलांडतच नाही, तर माणसांचा आकडा लहान येतो आणि सिग्नलची 'गरज नाही' असं दिसतं. अशा ठिकाणी, पलीकडच्या बसथांब्यावर जायला लोक किती लांबचा वळसा घेतात ते मीटरमध्ये लिहून जोडा.

पाचवी पायरी: माणसं मोजा

सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी, संध्याकाळी आणि रात्री नऊच्या पुढे, प्रत्येक वेळी १५ मिनिटं एका जागी उभे राहा. चौपट केलं की तासाचा अंदाज मिळतो. नुसतं एकूण नको. फुटपाथवरून गेलेले आणि रस्त्यावरून गेलेले वेगळे मोजा. बायका, एकटी जाणारी शाळकरी मुलं, म्हातारी माणसं यांच्या वेगळ्या रेघा मारा. संध्याकाळी भरपूर बायका आणि रात्री जवळजवळ कोणीच नाही, असं दिसलं तर आधी दिवे तपासा.

सावलीसाठी दुपारी एक चक्कर मारा, तळ्यांसाठी पहिल्या मोठ्या पावसानंतर. फोटो पुरेत.

सहावी पायरी: सायकलीचा हिशेब वेगळा

'सायकल ट्रॅक' असा फलक असणं आणि सायकल चालवता येणं यात पुष्कळ अंतर असतं. वेगळा मार्ग असेल तर त्याचीही मोकळी रुंदी काढा. एका सायकलीने दुसरीला मागे टाकायचं तर दोन मीटर तरी हवेत. शिवाय तो सलग आहे का, चौकापाशी गायब होतो का, त्यावर दुचाक्या धावतात का, हे नोंदवा. चौकातच खरा धोका असतो आणि नेमका तिथेच रंगाचा पट्टा संपतो.

वेगळा मार्ग नसेल तर गाड्यांचा वेग मोजा. कडेने २५ मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करा आणि गाडीला तेवढं अंतर कापायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर पाहा. ९० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ३ सेकंद म्हणजे ३०, २ सेकंद म्हणजे ४५. माणसं, सायकली आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० हीच मर्यादा असावी, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही आहे. तीसेक गाड्या मोजा आणि गर्दी नसतानाही मोजा. कोंडीत सगळेच सभ्य असतात.

अमेरिकेत २०१२ मध्ये मांडलेली एक पद्धत रस्त्याला सायकलस्वारावरच्या ताणानुसार चार पातळ्या देते. पहिल्या पातळीचा रस्ता मुलांनाही झेपतो, चौथीचा फक्त धाडसी लोकांना. घरी वापरायला तिचं सोपं रूप असं: दहा वर्षांच्या मुलाला या तुकड्यावरून एकटं शाळेत पाठवाल का? इथेही सगळ्यात वाईट चौकावरूनच उत्तर द्यायचं.

कागद कुठे न्यायचा

सगळं एका पानावर बसवा: वर नकाशा, खाली खांबाचा नंबर, मोजमाप, नियमात किती हवं, आणि फोटो. प्रत क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पुण्यात नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची प्रथा २००६ पासून आहे, त्यात टाकायला असं पान फार उपयोगी पडतं. अपंगांसह सर्वांना वापरता येतील असे फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे. अर्जात तेही एका ओळीत लिहा.

काम मंजूर झालं तर कडेचे दगड बसवताना पुन्हा टेप घेऊन जा, त्याच खांबांपाशी. १.८ मीटरचा नकाशा जागेवर १.५ होतो तो याच दोन दिवसांत. सिमेंट ओलं आहे तोवर कनिष्ठ अभियंत्याला दाखवलं तर दगड सरकतो. ठेकेदाराचं बिल निघाल्यावर त्याच दगडासाठी नवी निविदा लागते.