बँकांचं विलीनीकरण: सहकाऱ्यांशी बोलताना या चुका टाळा

१ एप्रिल २०२० ला सहा सरकारी बँका दुसऱ्या चार बँकांत विलीन झाल्या. आमची त्यांतलीच एक. पुढे १ मे २०२५ ला महाराष्ट्रातल्या दोन ग्रामीण बँका एक झाल्या आणि तिथल्या मित्राचे फोन सुरू झाले. त्याच्या अडचणी ऐकताना वाटलं, हे सगळं आपण भोगलंय.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आपला शब्द समोरच्याला आपल्यासारखाच कळतो असं धरून चालणं. एका संध्याकाळी मी शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमना विचारलं, "एंट्री झाली का?" "झाली," त्या म्हणाल्या. मी धरलं, पास झाली. त्यांच्या जुन्या बँकेत 'झाली' म्हणजे नुसती टाकली. पास करायची ती अधिकाऱ्याने. साडेसातला डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, अडकलं, तेव्हा ४,२०० रुपयांचं एक व्हाउचर पासिंगला तसंच पडलेलं सापडलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. तेव्हापासून मी "टाकली की पास झाली?" असंच विचारतो. असे शब्द एका वहीत लिहून ठेवा, डावीकडे त्यांचा, उजवीकडे आपला.

आणि कळलं नसेल तर "हो, हो" म्हणू नका. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला नवी स्क्रीन विचारायची लाज वाटते. म्हणून शाखेतल्या ज्येष्ठांनीच आधी, सगळ्यांसमोर विचारावं. मग बाकीच्यांची भीड चेपते.

"आमच्याकडे असं नव्हतं" हे वाक्य तिथेच थांबलं तर टोमणा होतो. पुढे "आम्ही असं करायचो, कारण..." एवढं जोडा. कारण ऐकल्यावर कधी त्यांची पद्धत बरी ठरते, कधी आपली. डबा खाताना मात्र कोण कुठल्या जुन्या बँकेतला त्यानुसार दोन वेगळी टेबलं लावू नका. निम्मी कामं तिथेच कळतात.

जुनं चेकबुक चालेल का, आयएफएससी कधी बदलणार, यावर दोन काउंटरवर दोन उत्तरं मिळाली की खातेदार बिथरतो. शाखा उघडण्याआधी दहा मिनिटं सर्क्युलर एकत्र वाचा, उत्तर एकच ठरवा.

राहिल्या व्हॉट्सॲपवरच्या बदल्यांच्या याद्या. सर्क्युलरचा नंबर आणि तारीख नसेल तर यादी पुढे पाठवू नका. खरी असेल, तर ज्याचं नाव त्यात आहे त्याला ग्रुपवर टाकण्याआधी फोन करा.