क्रूझवरच्या फाइन डायनिंगला मुलांना नेताना

मुरगाव बंदरातून क्रूझवर चढलात की पहिल्याच दुपारी जहाजावरच्या खास रेस्टॉरंटचं टेबल बुक करा, तेही संध्याकाळी सहा-साडेसहाचं. उशिराच्या वेळेत मुलं पेंगतात आणि किरकिर सुरू होते. बुक करतानाच वयाची अट विचारा. काही ठिकाणी लहानांना प्रवेशच नसतो. मुलांचा वेगळा दर असतो का, तेही तेव्हाच कळेल.

खरी अडचण वेळेची. चार-पाच कोर्सचं जेवण सहज दोन तास चालतं, आणि सहा वर्षांचं मूल पाऊण तासात कंटाळतं. म्हणून बसल्या बसल्या वेटरला सांगा: मुलांचा मेन कोर्स आमच्या स्टार्टरबरोबरच आणा. मेन्यूत नसला तरी साधा पास्ता किंवा भात बहुतेक वेळा मिळतो. तासभर आधी बुफेत थोडंसं खायला घाला, पोटभर नको. झिंगे-तिसऱ्यांची अ‍ॅलर्जी असेल तर आदल्या दिवशीच कळवा, कारण सॉस आणि स्टॉक (हाडं-कवचं उकळून काढलेलं सूप) आधीच तयार असतात.

बर्म्युडा आणि फ्लोटर्स अनेक ठिकाणी दारातच अडवतात. मुलासाठी एक फुल पँट, बंद बूट बॅगेत हवेतच. मोबाइलपेक्षा चित्रवही बरी, शेजारच्या टेबलाला आवाज जात नाही. तरीही ऐकेना, तर गोड पदार्थ केबिनवर पाठवता येईल का विचारा.