पाउचच्या ऑपरेशननंतर पोट बिघडलं? या चुका टाळा

अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याच्या आजारामुळे, मोठं आतडं काढून लहान आतड्याचं पाउच (पिशवी) बसवलं की दिवसाला ४ ते ८ वेळा संडासला जावं लागणं नेहमीचंच. त्यामुळे दुसऱ्याशी तुलना करू नका. आपल्या रोजच्या फेऱ्यांपेक्षा किती वाढल्या, ते बघा.

वाढल्या की मागच्या वेळच्या उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करायच्या, ही चूक मला सर्वांत घातक वाटते. पाउचायटिसवर, म्हणजे पाउचला सूज आली तर, हीच औषधं साधारण २ आठवडे देतात. पण त्रास दर वेळी पाउचायटिसचाच असेल असं नाही. रक्त पडतंय? खाली शिल्लक राहिलेल्या गुदाशयाच्या पट्टीला सूज असू शकते, तिला कफायटिस म्हणतात आणि त्यावर बहुधा मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधाची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) लागते. जोर करावा लागतो, पुन्हा पुन्हा थोडंथोडंच होतं? पाउच खाली जिथे जोडलंय ती जागा आकसली असेल, तर ती रुंद करावी लागते. गोळ्यांनी ती सुटत नाही. कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संसर्ग असतो, तो शौचाच्या तपासणीत कळतो. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा, ते सांगतील तर दुर्बिणीने पाउच तपासून घ्या. मेट्रोनिडाझोल बरेच दिवस चालू असताना पायांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा.

सांधे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, त्यांनी पाउचचा त्रास उसळू शकतो.

इंदूरच्या मे महिन्यात नुसतं पाणी पिऊन भागत नाही. पाणी आणि मीठ शोषणारं मोठं आतडंच आता नाही. ओआरएस घ्या, पण १ लिटरची पुडी १ लिटर पाण्यातच घाला; ग्लासभर पाण्यात घातलीत तर जुलाब वाढतील. लघवी कमी आणि गडद झाली तर वाट बघत थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायला हरकत नाही, मात्र मक्याचे दाणे आणि शेंगदाणे नीट न चावता गिळू नका. पोट फुगलं, कळा आणि उलट्या सुरू झाल्या, गॅसही सरकेना, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी घरातली मोठी माणसं मायेने एरंडेल पुढे करतात. ते घेऊ नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. मोठं आतडं काढलंय हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा.