पहिली एमजीबी घेताना
जुनी स्पोर्ट्‌स कार म्हणून ब्रिटिश एमजीबी (१९६२ ते १९८०) घ्यायची असेल, तर इंजिनाच्याही आधी दारांखालचे सिल तपासावेत, कारण या गाडीला वेगळी चॅसिस (खालची लोखंडी चौकट) नसल्याने तिची बरीचशी ताकद याच पोकळ पत्र्यांत असते. गाडी जॅकवर उचलताच दार अडकू लागले, तर सिल गंजून कमकुवत झाले असावेत असे समजावे आणि चकचकीत रंगाला भुलू नये. बाकीची दुखणी त्यामानाने किरकोळ. दिवे मिणमिणत असतील, तर बल्ब बदलण्यापूर्वी अर्थिंगच्या जोडावरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढावा. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळत असल्यास एसयू कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू बनावटीच्या भागाच्या) माथ्यावरची टोपी उघडून आतले तेल पाहावे. ते पुष्कळदा आटलेले असते, आणि २० ग्रेडचे थोडेसे ऑइल घातले की काम भागते.