परदेशी पोस्टकार्डातून शहर ओळखताना या चुका टाळा

सोसायटीच्या पत्रपेटीत वीजबिलाखाली एखादं परदेशी पोस्टकार्ड सापडलं की पहिली नजर जाते चित्रावर. किल्ला दिसला, नदी दिसली, ‘वा, काय शहर आहे!’ म्हणायचं आणि कार्ड फ्रिजवर चिकटवायचं. गाडी चुकते ती इथेच. चित्र दुकानातून विकत घेतलेलं असतं. पाठवणाऱ्याचं शहर कळतं ते मागच्या बाजूने.

जर्मनीचं कार्ड घ्या. समोर बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा आणि मागे शिक्का ‘ब्रीफत्सेंट्रुम २०’. म्हणजे पत्रं छाननी करणारं केंद्र, आणि २० हे त्या भागातल्या पिनकोडचे पहिले दोन आकडे. १० असेल तर बर्लिन, ८० असेल तर म्युनिक, २० म्हणजे हॅम्बुर्ग. राजवाडा देशाच्या पार दक्षिणेला आणि कार्ड पेटीत पडलं उत्तरेला. दादरच्या माणसाने ताजमहालाचं कार्ड पाठवावं, तसलाच प्रकार. मात्र शिक्का छाननी केंद्राचा असल्यामुळे नेमकं गाव त्यातून कळत नाही. ते मजकुरात नसेल तर सरळ विचारा.

तारीख वाचतानाही घोळ होतो. जपानी शिक्क्यावर ‘६.४.१’ दिसलं तर ते ६ एप्रिल २००१ नव्हे. तिथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आणि वर्ष बहुधा रेइवा कालगणनेचं, म्हणजे सध्याच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं, जिचं पहिलं वर्ष २०१९. म्हणजे ही तारीख १ एप्रिल २०२४. जपानी पोस्टात चित्रमय शिक्केही मिळतात, तांबूस शाईचे, ज्यात त्या हद्दीतला डोंगर, देऊळ किंवा पूल असतो. असा शिक्का आला तर माझ्या लेखी तो तिकिटापेक्षा मोलाचा.

तिकिटावर देशाचं नाव नाही म्हणून ते खोटं ठरवू नका. ब्रिटन नाव छापतच नाही, नुसता राजाचा किंवा राणीचा छोटा चेहरा असतो. १८४० साली पेनी ब्लॅक काढून सुरुवात त्यांनीच केली, तो मान अजून चालू आहे. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मॅग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड. एवढं पाठ असलं तरी बरंच भागतं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे कार्डावरचं तिकीट कापून घेणं. तिकीट, शिक्का आणि मजकूर एकत्र आहेत तोवरच ते कार्ड काही सांगतं. पाकिटावरचं तिकीट मात्र भोवती कागद सोडून कापा, कोमट पाण्यात टाका आणि आपोआप सुटू द्या. नखाने ओढू नका. रंगीत पाकीट वेगळ्या भांड्यात, नाहीतर सगळा संग्रह गुलाबी. अमेरिकेची अलीकडची बरीचशी स्वयंचिकट तिकिटं पाण्यात सुटत नाहीत. ती कागदासकट ठेवलेलीच बरी.

मुंबईच्या पावसाळ्यात न वापरलेली तिकिटं दमट हवेने एकमेकांना चिकटतात. मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घाला, अल्बम उभा ठेवा, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला लागून नको. पीव्हीसीचे स्वस्त फोल्डर टाळा. आणि ‘ऊन दाखवायला’ म्हणून गच्चीत मुळीच नेऊ नका, रंग उडतो.

उत्तर पाठवताना ५० पैशांचं छापील पोस्टकार्ड परदेशी चालेल असं गृहीत धरू नका. ते देशातल्या देशात. हवाई टपालाचा दर खिडकीवर विचारा. सीएसएमटीजवळच्या जीपीओत गेलात तर तिकीटसंग्राहकांसाठीच्या विभागातून, म्हणजे फिलाटेलिक ब्युरोतून, बरी तिकिटं घ्या आणि शिक्का हाताने, स्वच्छ मारायची विनंती करा. जेल पेन नको, पावसात शाई पसरते. पत्ता उजव्या अर्ध्या भागात, देशाचं नाव शेवटच्या ओळीत इंग्रजीत ठळक. आपला पत्ता त्याच्याशेजारी मोठ्या अक्षरात लिहिला तर कार्ड फिरून आपल्याच दारात येतं. ‘तुमच्याकडे हवा कशी आहे’ हा प्रश्न वाया जातो. खिडकीतून काय दिसतं, ते विचारा.

पोस्टक्रॉसिंग या अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करायच्या संकेतस्थळावरून पाठवलेलं कार्ड मिळाल्याची नोंद समोरच्याकडून ६० दिवसांत झाली नाही की त्यावर मुदत संपल्याची खूण येते. लगेच हरवलं समजून समोरच्यावर रागावू नका. तुम्हाला नवा पत्ता मागता येतो, आणि जुनं कार्ड पोचलंच तर वर्षभरापर्यंत त्याची नोंद करता येते.